जुन्या बाजारातली विळी: तीन नमुने तपासून

पुण्यात मंगळवार पेठेत बुधवारी आणि रविवारी जुना बाजार भरतो. कुलपं, समया, बंद पडलेली घड्याळं आणि रेडिओचे सांगाडे यांच्यात तिथे दोन-चार विळ्या हमखास पडलेल्या असतात. मुंबईत भेंडी बाजाराजवळच्या मटण स्ट्रीटवर, म्हणजे चोरबाजारात, त्या दुकानांतून मिळतात. तिथली दुकानं शुक्रवारी बंद असतात, बेत आखताना ध्यानात ठेवा. स्वयंपाकघरात ओटा आला, उभ्याने चिरायची सुरी आली आणि बसून चिरायची विळी माळ्यावर गेली. पुढे वाडे पडले, घरं मोकळी झाली आणि माळ्यावरची विळी भंगारवाल्याच्या हातात आली. त्यामुळे माल मुबलक आहे. पारख करणारे हात मात्र कमी राहिलेत, आणि विकणाऱ्यांनाही आपण काय विकतोय याची पूर्ण कल्पना नसते.

जुन्या बाजारांत नेहमी दिसणाऱ्या तीन जातींची एकेक विळी इथे तपासली आहे: एक घडीची, शिसवी पाटाची, एक कोकणातली, फणसाच्या पाटाची, खवणीसकट, आणि एक सबंध पितळेची, मोराच्या आकाराची. निकाल आधीच सांगून टाकलेला बरा. वापरायला घ्यायची असेल तर दुसरी घ्या, ती दिसायला तिघींत सर्वांत वाईट असली तरी. जुन्या विळीत पैसे दोनच गोष्टींचे द्यायचे असतात. एक, धारेशी किती पोलाद उरलंय त्याचे. दुसरे, पातं पाटाला जिथे जोडलंय त्या सांध्याचे. पितळ, मोर, नक्षी आणि ‘अँटिक’ हा शब्द यांचे पैसे शोभेचे असतात. ते जरूर द्यावेत, पण शोभेचे म्हणूनच द्यावेत.

बाजारात जाताना खिशात पाच वस्तू असाव्यात: लहान लोहचुंबक, भिंग, अर्धं लिंबू, बारीक दाताची नवी कानस आणि मोजपट्टी. खवणीची विळी घ्यायची असेल तर खोबरं काढलेली अर्धी करवंटीही न्या. लिंबू आणि कानस लावण्याआधी विकणाऱ्याला विचारायचं. बहुतेक जण हो म्हणतात. कोणी ठाम नाही म्हणाला तर ती विळी शोभेच्या भावानेच मागा.

शब्द एकदा स्पष्ट करून घेऊ, कारण गावोगाव ते बदलतात. घाटावर विळी म्हणतात. कोकणात पावशी आणि मोरळी हे शब्द ऐकू येतात, गोव्यात आदोळी. खाली असतो तो पाट. त्याच्या एका टोकातून पातं उभं राहतं आणि पुढे वळतं. धार बसणाऱ्याच्या बाजूला, पाठ पलीकडे. पात्याच्या टोकाला दातेरी, चमच्यासारखी खोलगट चकती असेल तर ती खवणी. पात्याचं बूड एक तर शेपटीसारखं निमुळतं होऊन पाटात घुसवलेलं असतं, नाही तर लोखंडी किंवा पितळी चिमट्यात मेखेवर बसवलेलं असतं. मेखेवरचं पातं आडवं पडतं, तीच घडीची विळी.

पहिली: घडीची, शिसवी पाट, पितळी मेखा

पाट पंधरा इंच लांब, साडेपाच इंच रुंद, सव्वा इंच जाड. लाकूड काळपट, त्यात जांभळट रेषा, हाताला जड. शिसवच आहे. चिमटा पितळी, मेखही पितळी, मेखेचं डोकं हातोडीने पसरवलेलं. चिमट्यावर ठिपक्या-ठिपक्यांनी एक नाव कोरलंय आणि खाली आकडा: १८७२. विकणाऱ्याच्या मते विळी दीडशे वर्षांची.

इथेच पहिली चूक होते. आपल्याकडे भांड्यावर नाव घालताना पुष्कळदा शके लिहिला जाई, आणि तोही नुसता आकडा, ‘शके’ हा शब्द न घालता. शकात ७८ मिळवले की इसवी सन येतो. १८७२ अधिक ७८ म्हणजे १९५०. गुजराती घरातल्या वस्तूवर विक्रम संवत असण्याची शक्यता धरायची, त्यातून ५६ किंवा ५७ वजा करायचे. तेव्हा १७०० ते १९०० च्या दरम्यानचा कोणताही आकडा दिसला तर तो आधी शके म्हणून वाचून बघा आणि मगच वस्तूचं बाकीचं अंग त्याला जुळतं का ते पाहा. या विळीचं जुळतं, पण १९५० शी. पाट उलटा केला की तळाला समांतर, किंचित कमानदार ओरखडे दिसतात. ते यांत्रिक गोल करवतीचे आहेत. हाताने तासलेल्या पाटाच्या तळाला वाकसाचे, म्हणजे सुताराच्या तासायच्या हत्याराचे, उथळ, कमी-जास्त खोलीचे टवके असतात. बोट फिरवलं तरी लाटा कळतात.

कोरीव नावाकडे भिंगातून बघावं. हाताने ठोकलेल्या ठिपक्यांत प्रत्येक ठिपका वेगळा असतो, कडेला पितळ किंचित उचललेलं असतं आणि वर्षानुवर्षांच्या घासण्याने ती कड गुळगुळीत झालेली असते. विजेच्या पेनाने घातलेलं नाव म्हणजे सलग थरथरती रेघ. जुन्या वस्तूवर मागाहून नाव घातलं असेल तर खोबणीतलं पितळ बाकीच्यापेक्षा उजळ दिसतं. या विळीवरचं नाव खरं, हाताचं आणि जुनं आहे. म्हणजे विळी अस्सल, फक्त वय सांगितलं त्याच्या निम्म्याच्या आसपास.

आता पातं. लांबी साडेसात इंच, पाठीशी जाडी साडेतीन मिलिमीटर. बाजूने पाहिलं तर धारेची रेघ मध्यभागी आत गेलेली दिसते. बुडापासून टोकापर्यंत मोजपट्टी टेकवली तर मधली खोली जवळजवळ अर्धा इंच भरते. भाजी नेहमी पात्याच्या मधल्या भागावर चिरली जाते, धारही तिथेच लावली जाते, त्यामुळे तिथलंच लोखंड झिजतं. पातं मुळात वळणदार असतंच, तेव्हा थोडा बाक हा दोष नाही. पण मधेच खळगा पडला असेल आणि खळग्याच्या वर-खाली धार जाड राहिली असेल तर ती झीज.

ही झीज का महत्त्वाची? जुन्या लोहारी कामात पुष्कळदा सबंध पातं पोलादाचं नसे. पोलाद महाग. म्हणून अंग मऊ लोखंडाचं आणि धारेला पोलादाची पट्टी, भट्टीत तापवून ठोकून एकजीव केलेली. कुऱ्हाडीला करतात तेच. मऊ लोखंड ठोकर सहन करतं, पोलाद धार धरतं. पण ती पट्टी काही मिलिमीटरच रुंद असते. ती झिजून संपली की विळी जन्मभर बोथट. कितीही घासा, दोन कांद्यांत धार जाते आणि लोक म्हणतात, ‘जुन्या विळ्यांत काही राम नाही.’ राम होता, तो आधीच्या मालकिणीने पन्नास वर्षं चिरून संपवला.

पट्टी उरली आहे का हे लिंबू सांगतं. धारेलगतचा इंचभर भाग कोरड्या फडक्याने, लागलं तर बारीक पॉलिश पेपरने उघडा करायचा, लिंबाची फोड फिरवायची आणि पाच-दहा मिनिटं थांबायचं. पोलाद अधिक काळं पडतं, मऊ लोखंड करडं राहतं. दोन्हींच्या मधली सीमारेषा भिंगातून, कधी नुसत्या डोळ्यांनीही दिसते. सबंध पातं एकसारखं काळवंडलं तर ते सबंध पोलादाचं; गाडीच्या कमानपाट्यातून घडवलेली पाती अशी असतात आणि ती वाईट नसतात. काहीच डाग उमटला नाही तर ते स्टेनलेस, म्हणजे अलीकडचं. स्टेनलेस ओळखायला लोहचुंबक वापरू नका. भांड्यांच्या स्टीलला तो बऱ्याचदा चिकटत नाही, पण सुऱ्या-पात्यांचं स्टेनलेस वेगळं असतं आणि त्याला चिकटतो. चुंबक पितळ तपासण्यासाठी ठेवा.

या विळीत लिंबाची काळी पट्टी बुडाशी सहा मिलिमीटर दिसली, टोकाशी पाच आणि मधल्या खळग्यात जेमतेम दीड. कानशीनेही तेच सांगितलं. पाणी दिलेल्या, म्हणजे तापवून एकदम थंड करून कडक केलेल्या, पोलादावर नवी कानस घसरते, काचेवर घसरावी तशी, आणि बारीक आवाज येतो. मऊ लोखंडात ती रुतते आणि चुरा काढते. बुडाशी घसरली, मधे रुतली. म्हणजे पोलाद असलं तरी मधल्या भागातलं पाणी उतरलेलं आहे. बहुधा कधी तरी धारवाल्याच्या कोरड्या चाकावर फार तापलं असावं. तापून निळी झाक आलेलं पोलाद नरम पडतं, आणि ती झाक नंतर पुसली तरी नरमपणा राहतो.

सांधाही सैल आहे. पातं उभं करून पाट पायाने दाबायचा आणि टोकाला धरून डावी-उजवीकडे हलवायचं. टोकाशी दोन-तीन मिलिमीटर हललं तर चालतं, मेख ठोकून घट्ट करता येते. इथे आठ भरलं. चिमट्याचं भोक लांबट झालंय, नुसती मेख ठोकून हे जाणार नाही. जाड मेख घालायची तर भोक मोठं करावं लागेल आणि चिमटा पातळ आहे. घडीच्या विळीत सैल सांधा हा धोका आहे. भोपळा किंवा सुरण दाबताना पातं तिरकं होतं आणि हात घसरतो.

किंमत ठरवण्याचा सरळ मार्ग असा. पितळ किती आहे ते अंदाजा, त्या दिवसाचा मोडीचा भाव शेजारच्याच भंगारवाल्याला विचारा, शिसवाच्या पाटाचं थोडं धरा आणि नावाच्या खऱ्या कोरीव कामासाठी तुम्हाला वाटेल ते घाला. पात्याचे पैसे शून्य. दिवाणखान्यात ठेवायला ही सुंदर वस्तू आहे, आणि शिसवाचा पाट तर फारच देखणा.

दुसरी: कोकणातली, फणसाचा पाट, खवणी

ही पहिल्या नजरेत कोणी उचलणार नाही. पातं सगळं तांबडं गंजलेलं, पाट मळाने काळा, तळाशी शेणामातीचे थर. पाट सतरा इंच, पातं आठ इंच, पाठीशी पाच मिलिमीटर जाड. खवणी दीड इंच रुंद, तिचा एक दात तुटलेला.

मळ खरवडल्यावर पाटाचं लाकूड पिवळसर तपकिरी निघालं. फणसाचं लाकूड ताजं असताना हळदीसारखं पिवळं असतं आणि हवेने, हाताच्या तेलाने तांबूस तपकिरी होत जातं. वर तपकिरी आणि आत पिवळं, ही फणसाची खूण. आंब्याचा पाटही असाच फिका निघतो, पण त्याला कीड लवकर लागते. किडीची भोकं दिसली तर पाट पांढऱ्या कागदावर आपटायचा. फिका, ताजा भुगा पडला तर कीड जिवंत आहे. भोकं आतून काळी आणि कोरडी असतील तर जुनं प्रकरण, घाबरू नका.

गंजाचं भय लोकांना फार वाटतं आणि ते चुकीच्या जागी वाटतं. तांबडा, भुकटीसारखा, हाताला लागणारा गंज वरवरचा असतो. खरं नुकसान खड्ड्यांचं. सुईचं टोक पात्यावर फिरवा. पाठीवर किंवा पोटावर अडकलं तर काही बिघडत नाही, तो पात्याचा इतिहास आहे. धारेपासून दोन-तीन मिलिमीटरच्या आत अडकलं तर विचार करा, कारण धार लावत जाल तशी ती त्या खड्ड्यापाशी पोचेल आणि तिथे करवतीसारखी तुटक होईल. या विळीत खड्डे सगळे पाठीकडे आहेत. धार इतकी वापरातली की तिथे गंज बसायला सवडच मिळाली नव्हती.

पातं बोटाच्या पेराने टिचकी मारून वाजवलं की लांब, स्वच्छ नाद येतो. खुळखुळ आली असती तर बूड सैल किंवा कुठे तडा. तडा बहुधा पातं जिथे वळतं तिथे, किंवा पाटाच्या पृष्ठभागाशी असतो, तिथे भिंग लावून बघा. लिंबाची पट्टी बुडापासून टोकापर्यंत सारखी, पाच ते सहा मिलिमीटर. कानस सगळीकडे घसरली. एवढं पोलाद उरलेली विळी घरात जपून वापरली तर पुढच्या पिढीला जाईल.

बूड पाटात लाखेने बसवलंय. सांध्याभोवती काळसर तांबडा, काचेसारखा चमकणारा थर दिसला तर ती लाख. कोपरा खरवडून ज्योतीजवळ नेला तर मऊ होतो आणि त्याचा ओळखीचा वास येतो. ही जुनी पद्धत आणि चांगली पद्धत, कारण सांधा सैल झाला तर बूड तापवून पुन्हा बसवता येतो. सांध्यात करडा, दगडासारखा लगदा दिसला तर ते एम-सील. सील लावणं हा गुन्हा नव्हे, पण त्याखाली पाट चिरलेला असतो का ते बघायलाच हवं. तळाकडून लाकडाच्या रेषांच्या दिशेने केसाएवढी भेग आरपार गेली असेल तर विळी घेऊ नका. सांध्याशेजारी खिळे ठोकलेले दिसले तर बहुधा ती भेग त्या खिळ्यांनीच पाडलेली असते. सैल बूड घट्ट करायला खिळा ठोकणं ही सर्वांत वाईट दुरुस्ती. लाकडाची पातळ पाचर मारायची, तीही अशी की तिचा दाब लाकडाच्या रेषांच्या दिशेने पडेल, आडवा नाही.

खवणी तपासायला करवंटी काढा. खवणी करवंटीच्या आतल्या वाटोळेपणात बसली पाहिजे, टोकं टेकता कामा नयेत. सपाट झालेली खवणी खोबरं कमी आणि तपकिरी साल जास्त ओढते. दात तुटला असेल तर फार काही नाही, शेजारचे दात त्रिकोणी कानशीने उतरवून पुन्हा काढता येतात. मात्र खवणी पात्याला झाळून जोडलेली असेल आणि सांध्याशी डाग दिलेल्याची पिवळी रेघ असेल तर जोर लावून हलवून बघा. खवताना सगळा जोर त्या सांध्यावर येतो. या विळीत पातं आणि खवणी एकाच लोखंडातून ठोकून काढलेत, वळणाशी रेघ नाही.

गंज काढायचा असा. पातं रॉकेलने, ते मिळालं नाही तर पातळ यंत्रतेलाने, भिजवून फडक्यात रात्रभर गुंडाळून ठेवा. सकाळी चाळलेली राख किंवा विटेची बारीक पूड आणि नारळाची शेंडी घेऊन घासा, पाठीकडून धारेकडे, कधीही धारेवर आडवं नाही. तांबडं जाईल, खाली काळसर थर राहील, तो राहू द्या. तो लोखंडाला राखतो आणि जुनेपणाची ती खरी साक्ष आहे. पुष्कळ लोक हौसेने ग्राइंडर मारून पातं आरशासारखं करतात. त्यात पोलादाची पट्टी पातळ होते, कधी तापून नरमही पडते आणि वस्तूची ओळखच पुसते. व्हिनेगर किंवा सायट्रिक ॲसिडमध्ये बुडवण्याचा मोह टाळा. आम्ल सांध्यात शिरतं, बाहेर येत नाही आणि आतून गंज धरतं. वापरलंच तर नंतर खाण्याच्या सोड्याच्या पाण्याने धुऊन, जाळाच्या उबेवर सांधा पूर्ण वाळवा, पण लाखेचा सांधा असेल तर जाळापासून लांब. शेवटी साबणाने दोनदा धुऊन तेलाचा वास घालवा.

पाट पाण्यात बुडवायचा नाही, उन्हातही वाळवायचा नाही. तो चिरतो. ओल्या फडक्याने मळ काढून, सावलीत दोन दिवस ठेवून मग जवसाचं तेल चोळा. ते लाकडात मुरून वाळतं. शेंगदाण्याचं तेल वाळत नाही, पाट चिकट होतो आणि मुंग्या येतात. पाटाला जुना रंग दिलेला असेल तर तो कोरडा खरवडू नका, जुन्या तैलरंगांत शिसं असू शकतं.

धार लावताना विळी हलवायची नाही, दगड हलवायचा. पाट भिंतीला टेकवून पायाने दाबा, पात्याचं टोक जाड फडक्यात गुंडाळा. आधी पात्याला जो उतार आहे तोच धरायचा. तो दोन्हीकडून असेल तर दोन्हीकडे सारखे हात, एकाच बाजूने असेल तर दुसरी बाजू फक्त सपाट पुसायची. कुरुंदाचा दगड पाण्याने ओला करून बुडाकडून टोकाकडे, एका बाजूला दहा-बारा हात, मग दुसऱ्या बाजूला. दगड रविवार पेठेत, बोहरी आळीत मिळतो, दोन पोतांचा घ्या. धारेवर खाच पडली असेल तरच आधी कानस. धारवाल्याकडे द्यायची झाली तर त्याला दर चार-पाच सेकंदांनी पातं पाण्यात बुडवायला सांगा, आणि निळं दिसलं तर तिथेच थांबवा. धार आली का हे वर्तमानपत्राच्या कागदाने बघावं. कागद धरून पात्यावर खाली ओढला की न अडकता चिरला पाहिजे. जिथे अडकतो तिथे पुन्हा दगड.

वापरायला लागल्यावर पहिले काही दिवस वांगं, कच्चं केळं आणि केळफूल हिच्यावर काळं पडेल. लोखंड आणि भाजीतला तुरटपणा यांचा तो संयोग, विषबाधा नव्हे. पातं वापरून काळसर झालं की हे कमी होतं. आमसूल, कैरी, लिंबू चिरल्यावर मात्र लगेच धुऊन, पुसून, खोबरेल तेलाचं बोट फिरवा. रात्रभर ओली राहिली तर सकाळी तांबडे ठिपके येणारच. स्टेनलेसच्या सुरीची सवय असलेल्या घराला हे लक्ष पेलणार नसेल तर जुनी विळी घेऊच नये.

तिसरी: सबंध पितळेची, मोर

हिला बाजारात सगळ्यांत जास्त मागणी आहे आणि सगळ्यांत जास्त भाव. पाटाच्या जागी पितळी बैठक, तिच्यावर मोर, मोराच्या मानेतून पातं. ‘पेशवेकालीन’ म्हणून विकली जाते.

चुंबक अंगाला चिकटत नाही, म्हणजे आत लोखंड नाही. तेवढंच खरं. खोबणींतला हिरवा कळंक ओल्या बोटाने पुसला जातो. वर्षांनुवर्षांचा कळंक धातूला घट्ट धरून असतो, नखाने सुद्धा सहजी निघत नाही, आणि जिथे हात लागतो तिथे तो नसतो. इथे तो सगळ्या खोबणींत सारखा, अगदी हात लागतो त्या जागीही. उंचवटे झिजलेले नाहीत. मोराच्या डोळ्याच्या कडा बोटाला टोचतात. वापरातल्या वस्तूची नक्षी कशी झिजते हे घरातल्या जुन्या पानाच्या डब्यावर बघून ठेवा, मग फसवणूक होत नाही. बैठकीच्या तळाला ग्राइंडरचे सरळ, चमकदार ओरखडे आहेत. पातं बसवलंय ते अधिकच्या चिन्हासारखी खाच असलेल्या स्क्रूने. असे स्क्रू अमेरिकेत १९३० च्या दशकात आले, त्यामुळे पेशवाईचा प्रश्नच मिटतो. एखादा स्क्रू मागाहून बदललेला असू शकतो, म्हणून एकट्या स्क्रूवर निकाल देऊ नये. पण लिंबाने पात्यावर डागही उमटला नाही. स्टेनलेसचं पातं, नवी ओतीव बैठक.

शोभेची नवी वस्तू म्हणून ती वाईट नाही, ओतकाम नेटकं आहे. वापरायला निरुपयोगी. बैठक अरुंद, पाय ठेवायला जागा नाही, आणि सपाट फरशीवर ठेवून एका कोपऱ्यावर दाबली तर डुलते. हा डुलण्याचा प्रयोग कोणत्याही विळीवर करावा. डुलणारी विळी हात कापते.

विळी ही एकट्या महाराष्ट्राची वस्तू नाही हेही ध्यानात असू द्या. बंगालची बोटी, ओडिशाची पणिकी, कर्नाटकातली ईळिगे मणे, तमिळनाडूतली अरिवाळमणै या तिच्याच बहिणी, आणि व्यापारी त्या सगळ्या एकाच चटईवर मांडून ‘मराठा’ म्हणून विकतात. दक्षिणेकडची पितळी कामाची जुनी विळी अस्सल आणि उत्तम असू शकते. तिचे पैसे तिच्या खऱ्या गावाच्या नावाने द्यावेत. डोळा तयार करायला पुण्यात राजा दिनकर केळकर संग्रहालय आहे. दिनकर केळकरांनी घरोघर फिरून अडकित्ते, दिवे, स्वयंपाकघरातल्या वस्तू जमवल्या आणि तो संग्रह १९६२ साली शासनाला दिला. खरेदीआधी एक सकाळ तिथे घालवावी आणि नक्षीपेक्षा झीज बघावी: कोणता भाग गुळगुळीत झाला, कोणता तसाच राहिला.

कायद्याचं थोडक्यात. विळी घरकामाची वस्तू आहे, तिला परवाना लागत नाही. शेजारच्या चटईवर कट्यार किंवा गुप्ती दिसली तर गोष्ट वेगळी. ९ इंचांहून लांब किंवा २ इंचांहून रुंद पात्याची, घरकाम, शेती, उद्योग वा शास्त्रीय कामासाठी नसलेली शस्त्रं शस्त्र नियमांच्या यादीत येतात. ती घेण्याआधी नियम वाचा.

परदेशी राहणाऱ्या मंडळींना एक सूचना. १९७२ च्या पुरातन वस्तू कायद्याप्रमाणे शंभर वर्षांवरच्या पुरातन वस्तू खाजगी माणसाला देशाबाहेर नेता येत नाहीत. तेव्हा विकणाऱ्याने कौतुकाने पावतीवर ‘दीडशे वर्षं जुनी’ लिहिलं तर विमानतळावर तेच अंगाशी येतं. वयाबद्दल शंका असेल तर भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाकडून वस्तू पुरातन नसल्याचा दाखला आधी काढावा. पहिल्या विळीसारखा शके कोरलेला असेल तर त्याचा हिशेब कागदावर मांडून सोबत ठेवावा, नाहीतर १८७२ हा आकडा अधिकाऱ्याला इसवी सनच वाटणार. विळी केबिनच्या पिशवीत चालत नाही, ती चेक-इन सामानात जाते. घडीची असेल तर पातं आडवं पाडून सुतळीने पाटाला बांधा. उभ्या पात्याच्या विळीला धारेवर सायकलच्या जुन्या ट्यूबचा उभा चिरलेला तुकडा चढवा, त्यावर जाड पुठ्ठा, मग सुतळी. खवणीवर तीच करवंटी उपडी बांधली की दात मोडत नाहीत आणि बॅगही फाटत नाही.